एकटीचं पान

माझं काम बारदान्याचं. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडं धान निघालं की ज्यूटच्या गोण्यांची मागणी वाढते, आणि त्या गोण्या बहुतेक हुगळीच्या काठावरच्या गिरण्यांतून येतात. माल वॅगनमध्ये चढण्याआधी गिरणीतच त्याची तपासणी व्हावी म्हणून आमचं नागपूरचं ऑफिस मला कोलकात्याला पाठवतं. पन्नास किलो धान्याची बी-ट्विल प्रकारच्या विणीची गोणी, ठरलेलं वजन ५८० ग्रॅम, पाचशे गोण्यांची एक गाठ. गाठी फोडायच्या, नमुने काढायचे, वजन करायचं, ओलावा मोजायचा, भिंगाखाली उभे-आडवे धागे मोजायचे, शिलाई ओढून बघायची. हे काम मला मनापासून आवडतं. गिरणीतून निघते तेव्हा कपड्यांना ज्यूटच्या तेलाचा वास लागलेला असतो, कानात मागांचा खडखडाट असतो आणि भूक सणकून लागलेली असते. ती भूक एकटीनं, माझ्या मनानं भागवायची, हा या दौऱ्यांचा माझा सगळ्यात लाडका भाग. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

बाकीच्या शहरांत एकट्या बाईनं जेवायला जाणं अजूनही थोडं अवघड असतं. एका मोठ्या शहरातल्या चांगल्या म्हणवणाऱ्या हॉटेलात मला स्वयंपाकघराच्या दाराशी बसवलं होतं आणि "आणखी कोणी येणार आहे का?" असं दोनदा विचारलं होतं. तिथली ताटंही चार जणांच्या हिशोबाची. भाजी मागवावी तर वाडगाभर येते, दोन प्रकार चाखायचे तर निम्मं टाकावं लागतं. मला अन्न टाकवत नाही. अशा ठिकाणी मग मी डोसा खाऊन खोलीवर परत येत असे.

कोलकात्यात हे कधी झालं नाही. सुरुवातीला मला वाटलं, आपल्याला चांगली माणसं भेटली. हळूहळू लक्षात आलं की हे शहरच एकट्या जेवणाऱ्याला गृहीत धरून बसलेलं आहे, आणि त्याला शंभर वर्षांहून जुनं कारण आहे.

डलहौसी चौकातल्या कचेऱ्या, गोदी, छापखाने, कॉलेजं यांच्यासाठी बंगाल-ओडिशाच्या गावांतून हजारो माणसं इथं आली. बायकामुलं गावी. एकेका खोलीत तीन-चार जण राहायचे, त्या घरांना मेसबाडी म्हणत. ज्यांची मेसमध्ये सोय नव्हती, किंवा दुपारी परत जाणं जमत नव्हतं, त्यांच्यासाठी भाताची हॉटेलं निघाली. तीच पाइस हॉटेलं. पाइस म्हणजे जुना पैसा, रुपयाचा चौसष्टावा भाग. तेवढ्या चिल्लरीत पोटभर भात मिळायचा. यांतल्या बऱ्याच हॉटेलांचे मालक आणि आचारी ओडिशाचे. रासबिहारी अव्हेन्यूवरचं तरुण निकेतन १९१५ पासून चालू आहे. कॉलेज स्ट्रीटजवळ भवानी दत्त लेनमध्ये एक हिंदू हॉटेल होतं, देश स्वतंत्र झाल्यावर मालकांनी त्याचं नाव स्वाधीन भारत हिंदू हॉटेल ठेवलं, ते आजही त्याच नावानं भात वाढतं.

इथली रीत अशी. प्रत्येक पदार्थाचा दर वेगळा. भात वेगळा, डाळ वेगळी, माशाचा तुकडा वेगळा, लिंबाची फोड वेगळी, आणि केळीचं पान हवं असेल तर त्याचेही वेगळे पैसे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा चिक्कूपणा वाटेल. पण एकट्या माणसासाठी याच्याइतकी न्याय्य पद्धत मी दुसरी पाहिलेली नाही. खिशात कमी असेल तेव्हा भात, डाळ आणि एक भाजा, म्हणजे तळलेली भाजी. पगार झाला की चिंगडी, म्हणजे कोळंबी. जेवढं पोटात जाणार तेवढंच पानात येतं, तेवढंच बिलात येतं.

मी उतरते धर्मतल्ल्याजवळ. तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर जानबाजार. दक्षिणेश्वरचं मंदिर ज्यांनी बांधलं त्या राणी रासमणींचा वाडा याच भागात आहे. वाड्यापासून जवळच सिद्धेश्वरी आश्रम. नाव आश्रम असलं तरी ते पाइस हॉटेल आहे, आणि माझं कोलकात्यातलं पहिलं जेवण शक्यतो तिथं होतं.

आत शिरलं की फळ्यावर त्या दिवसाचे पदार्थ लिहिलेले दिसतात. मला बंगाली अक्षरं आता बरीच वाचता येतात, पण वाढपी तोपर्यंत थांबत नाही. तो समोर उभा राहून एका दमात सगळे मासे म्हणून दाखवतो: रुई, कातला, पाबदा, पारशे, ट्यांगरा, चिंगडी. टेबलं वाटून घ्यायची असतात. जिथं खुर्ची रिकामी तिथं बसायचं. समोर कोण, शेजारी कोण, हे आपल्या हाती नाही, आणि कोणाला त्याचं काही वाटतही नाही. त्या दिवशी मी बसले आणि वाढप्यानं पान टाकलं, पाणी शिंपडलं, एवढंच विचारलं, "दीदी, भात?"

मी माझ्या ताटाच्या सवयीनं सगळं एकदम मागवलं. आपल्याकडं ताट वाढायचं म्हणजे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडं, भाज्या उजवीकडं, सगळं समोर मांडलेलं, आणि जेवणारा आपल्या मनानं इकडचा-तिकडचा घास घेणार. वाढप्यानं ऐकून घेतलं आणि आणलं मात्र एकेकच. आधी शुक्तो. कारलं, कच्ची केळी, शेवग्याच्या शेंगा, वडी, वरून दुधाचा हात. कडू पण सौम्य. शुक्तो फक्त दुपारच्या जेवणात असतो आणि तो पहिल्या भाताबरोबर खायचा. तो संपल्याशिवाय डाळ आली नाही. डाळीबरोबर कुरकुरीत आलू भाजा. मग पोस्तो, म्हणजे खसखशीची भाजी. मग मासा. शेवटी टोमॅटो-खजुराची चटणी आणि पापड. दर वेळी थोडा भात घ्यायचा आणि एकाच पदार्थाबरोबर संपवायचा.

या पद्धतीनं जेवायला वेळ लागतो. आणि लक्ष लागतं. घरी माझं अर्धं लक्ष दुसऱ्यांच्या ताटात असतं: सासूबाईंना मऊ भात, मुलाला तर्री जास्त, यांना कांदा. इथं पानात एक पदार्थ, समोर मी, आणि त्या पदार्थाकडं बघण्याखेरीज दुसरं काम नाही. आलू पोस्तोत खसखस किती बारीक वाटलीय, कच्च्या मोहरीच्या तेलाची शेवटची धार कधी सोडली असेल, हे मी तिथं बसून शोधत बसते. खसखस आपण अनारशाला लावतो, शिऱ्यात घालतो. तिची वाटीभर भाजी करून भाताशी खायची ही कल्पनाच मला आधी नव्हती. आता नागपूरला महिन्यातून एकदा तरी होते.

सिद्धेश्वरीत कविराजी झोल प्रसिद्ध आहे. झोल म्हणजे रस्सा. कविराज म्हणजे तिकडचे वैद्य. आजारातून उठलेल्या माणसाला पचावा असा पातळ, बिनमसाल्याचा झोल: मासा, कच्ची केळी, बटाटा. सावजीच्या गावातून आलेल्या जिभेला हा झोल पहिल्या घासाला काहीच सांगत नाही. तिसऱ्या-चौथ्या घासाला माशाची स्वतःची चव वर येते. दिवसभर गिरणीत धूळ खाल्लेल्या घशाला यापेक्षा बरं काही नाही. या शहरात कामासाठी येऊन एकटं राहणाऱ्यांच्या आजारपणाचाही विचार कोणीतरी करून ठेवला आहे, असं मला तो खाताना दर वेळी वाटतं.

त्याच टेबलावर समोर एक आजोबा होते. बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झालेले, पत्नी गेलेली, रोज दुपारी इथंच जेवणारे. पाबदाचे काटे ते इतक्या नेमकेपणानं काढत होते की मी बघत राहिले. त्यांनी विचारलं कुठून आलात. मी म्हटलं, नागपूर. त्यांनी हात थांबवला, हसले, आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही बर्गी!"

बर्गी म्हणजे बंगालवर चालून आलेले मराठे स्वार. मला हा शब्द ठाऊक होता, पण असा तोंडावर कोणी म्हटला नव्हता. त्यांनी भात बाजूला सारून सांगायला सुरुवात केली. बंगालमध्ये बाळाला झोपवताना अजूनही एक गाणं म्हणतात. पोर झोपलं, आळी शांत झाली, बर्गी देशात आले, धान तर पाखरांनी खाल्लं, आता सारा भरायचा कशानं, असा त्याचा अर्थ. त्यांच्या आजीनं त्यांना म्हटलं होतं, त्यांनी नातीला म्हटलं. पावणेतीनशे वर्षं होऊन गेली, अंगाईत आम्ही अजून येतोच आहोत.

मी नागपूरच्या महाल भागात वाढले. भोसल्यांचा वाडा आमच्या रोजच्या वाटेवरचा. रघूजीराजांची बंगालवरची स्वारी आमच्या घरी अभिमानानं सांगितली जायची: भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन निघाले, १७४१ पासून दहा वर्षं स्वाऱ्या चालल्या, १७४४ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखान यानं भास्कररामांना बोलणी करायला बोलावून दग्यानं मारलं, आणि तरी १७५१ च्या तहात वर्षाला बारा लाखांची चौथ आणि ओडिशा नागपूरकरांच्या हाती आला. हे सगळं खरं आहे. पण त्या दहा वर्षांत भागीरथीच्या, म्हणजे वरच्या अंगाच्या हुगळीच्या, पश्चिमेकडची गावं लुटली गेली, जळाली, शेतकरी आणि विणकर पोरंबाळं घेऊन नदीपलीकडं पळाले, हा भाग महालात कोणी सांगत नाही. तो मी केळीच्या पानावर, एका अनोळखी आजोबांकडून ऐकला. त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता. शेजारच्या घरातली जुनी हकिकत सांगावी तसं ते सांगत होते. मध्येच त्यांनी वाढप्याला हाक मारून माझ्या पानात गंधराज लिंबाची फोड टाकायला लावली, डाळीबरोबर खा म्हणाले, आणि ते दोन-तीन रुपये हट्टानं आपल्या बिलात धरायला लावले.

उठताना म्हणाले, "बागबाजारला जा. तुमच्या नावाची गल्ली आहे."

दुसऱ्या दिवशी काम दुपारीच आटोपलं. गिरणी हावड्याच्या बाजूला, म्हणून मी हावडा घाटावरून बागबाजारची लाँच घेतली. तिकीट अगदी थोड्या रुपयांचं. कोलकाता बघायला येणाऱ्यांना मी सांगेन, टॅक्सीत पैसे घालवण्याआधी ही लाँच घ्या. हावडा पूल खालून बघायला मिळतो. १९४३ मध्ये वाहतुकीला खुला झालेला, साडेसव्वीस हजार टन पोलादाचा, सगळा रिव्हेटवर जोडलेला, नटबोल्ट नाहीत. मला वजनांशी रोजचा संबंध असल्यामुळं असे आकडे मनात घर करतात. पुलाच्या पायाशी मल्लिक घाटावर झेंडूच्या माळांचे ढीग, डोक्यावर पिवळं-भगवं ओझं घेऊन पायऱ्या चढणारी माणसं, पाण्यात उभं राहून अंघोळ करणारे पैलवान. पुढं कुमारटुलीचे घाट, मूर्तींसाठी माती आणि पेंढा उतरवणाऱ्या होड्या. संध्याकाळच्या लाँचमध्ये बहुतेक लोक कामावरून घरी चाललेले. एकटे, गप्प, कठड्याला टेकलेले. त्यांच्यात मी कोणी वेगळी दिसत नव्हते.

बागबाजार घाटावर उतरलं की आधी चक्ररेल्वेचे रूळ ओलांडावे लागतात. मग गल्ल्या. लोकांना विचारत विचारत पोचले. मराठा डिच लेन. निळ्या पाटीवर नाव आहे, बाकी ती इतर गल्ल्यांसारखीच गल्ली. ओट्यांवर बसलेली माणसं, एक इस्त्रीवाला, सायकली, दोरीवर वाळणारे कपडे, हिरव्या झडपांच्या खिडक्या. खंदकाचं नावनिशाण नाही.

खंदक १७४२ मध्ये खणायला घेतला होता. मराठे शहरावर येतील या धास्तीनं कलकत्त्याच्या लोकांनी नवाबाची परवानगी काढून शहराभोवती सात मैलांचा चर खणायचं ठरवलं. उत्तरेकडून सुरुवात झाली, सहा महिन्यांत तीन मैल खणून झाले. मराठे कलकत्त्यापर्यंत आलेच नाहीत. काम थांबलं. पुढं १७९९ मध्ये त्याचा बराच भाग बुजवून तिथं सर्क्युलर रोड झाला. आजचे आचार्य प्रफुल्लचंद्र रोड आणि आचार्य जगदीशचंद्र बोस रोड साधारण त्याच रेषेवरून जातात. म्हणजे गेली काही वर्षं मी शियालदाहला जाताना जिच्यावरून बस पकडत होते, ती रेषा आमच्या भीतीनं आखलेली होती.

गल्लीत मी बराच वेळ उभी होते. ओट्यावरच्या एका मावशींनी विचारलं, कोणाचं घर शोधताय? मी सांगितलं, मराठी आहे, नागपूरची, गल्लीचं नाव ऐकून आले. त्यांनी आत हाक मारली, सून बाहेर आली, दोघींनी माझ्याकडं पाहिलं, आणि मावशींनी आत बसा म्हटलं. मी नको म्हणत होते तरी ओट्यावर बसायला मोडा, म्हणजे वेताचं बुटकं आसन, टाकला, चहा आणि दोन बिस्किटं आली. त्यांना इतिहासात रस नव्हता. माझं लग्न झालंय का, मुलगा काय शिकतो, नवरा एकटीला येऊ कसा देतो, गिरणीत पायऱ्या किती चढाव्या लागतात, हे सगळं त्यांनी विचारून घेतलं. निघताना सून म्हणाली, इथवर आलात तर गरम रोशोगोल्ला खाऊन जा.

नवीनचंद्र दास बागबाजारचेच. १८६८ च्या सुमारास त्यांनी इथं छेन्याचे, म्हणजे फाडलेल्या दुधाच्या चोथ्याचे, स्पंजासारखे गोळे पाकात उकळून काढले, असं बंगाली माणूस छातीठोकपणे सांगतो. ओडिशाचं म्हणणं वेगळं आहे, आणि दोन्ही राज्यांना आपापल्या रसगुल्ल्यांचं भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, त्यामुळं मी त्या भांडणात पडत नाही. डब्यातला रसगुल्ला आणि कढईतून नुकता काढलेला रसगुल्ला हे दोन वेगळे पदार्थ आहेत, एवढं मात्र मी खात्रीनं सांगते. कोपऱ्यावरच्या दुकानात उभ्या उभ्या मातीच्या वाडग्यात दोन घेतले. दाताखाली किंचित करकर होते, पाक पातळ, गोडी बेताची. त्याच आळीत, त्याच संध्याकाळी, आमच्या नावाच्या खंदकापासून दोन मिनिटांवर. मी पाकही प्यायले.

बागबाजारहून पुढं शोभाबाजार चालत जाता येतं. तिथं मित्र कॅफे आहे आणि त्याच भागात ॲलन किचन, तुपात तळलेल्या कोळंबीच्या कटलेटसाठी लोक तिथं रांग लावतात. उत्तर कोलकात्यात अशी जुनी कॅबिन रेस्टॉरंटं बरीच होती, कॉलेज स्ट्रीटजवळची दिलखुशा कॅबिन त्यांतलीच, १९१८ची. लाकडी आडोसे, पडदे. बायकांना बाहेर जेवायला बसणं अवघड होतं त्या काळात या पडद्यांमागं बसून त्या निवांत चहा-कटलेट खाऊ शकत. आता बहुतेक ठिकाणी पडदे गेलेत. मी भर हॉलमध्ये बसते, पण त्या पडद्यांबद्दल मला फार आपुलकी वाटते. त्यांच्यामागं बसून पहिल्यांदा बाहेरचं खाणाऱ्या बाईचा विचार माझ्या मनात येतो. तिनं काय मागवलं असेल?

बघण्याच्या जागांबद्दल थोडक्यात. व्हिक्टोरिया मेमोरियल सकाळी लवकर, धुकं असताना बागेतून बघावं, आत गर्दी फार. भारतीय संग्रहालय १८१४चं, तिथलं भरहूत स्तूपाचं लाल दगडी कठड्याचं दालन एकट्यानंच बघावं. बरोबर कोणी असलं की पुढं चला म्हणतात, आणि ते कोरीवकाम घाईनं बघण्यासारखं नाही. बऱ्याच पदकांत एकेक जातककथा आहे, काहींवर ब्राह्मीत नाव कोरलेलं. हावडा मैदान ते एस्प्लनेड मेट्रो २०२४ मध्ये सुरू झाली, ती नदीखालून जाते. ते पाणी वर आहे हे कळावं म्हणून बोगद्यात निळे दिवे लावलेत. पाऊण मिनिटात नदी पार. मला लाँचच आवडते, पण उशीर झाला असेल तर मेट्रोला पर्याय नाही. ट्राम आता मोजक्या मार्गांवर उरली आहे. १८७३ मध्ये घोड्यांनी ओढलेली पहिली ट्राम याच शहरात धावली होती. जी उरली आहे ती बंद होण्याआधी एकदा तरी बसून घ्या, खिडकीशी.

जोडासाँकोच्या ठाकूरबाडीत, म्हणजे टागोरांच्या वाड्यात, मात्र वेळ काढा. रवींद्रनाथांसाठी सगळे जातात, मी त्यांच्या एका थोरल्या भावासाठी गेले. सत्येंद्रनाथ ठाकूर हे आयसीएस झालेले पहिले भारतीय. त्यांची सगळी नोकरी मुंबई इलाख्यात झाली, साताऱ्याला ते न्यायाधीश होते. मराठी शिकले, आणि तुकारामांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. बर्गींच्या अंगाईत वाढलेल्या प्रांतातला माणूस साताऱ्याला येतो आणि परत जाताना तुकाराम घेऊन जातो. ओवरीत उभी असताना मला त्या आजोबांची फार आठवण आली. त्यांना हे सांगायला हवं होतं.

कॉलेज स्ट्रीटला पुस्तकं चाळून झाली की मी पॅरामाउंटमध्ये शहाळ्याचं सरबत पिते. दुकान १९१८चं, आणि ही सरबताची कृती आचार्य प्रफुल्लचंद्र रायांनी सुचवलेली, रसायनशास्त्रज्ञानं. खाली शहाळ्याची मलई असते, चमच्यानं खायची. मग जवळच अल्बर्ट हॉलमधलं कॉफी हाउस. नागपुरात सदरलाही इंडियन कॉफी हाउस आहे, त्यामुळं तुरेवाले पगडीधारी वाढपी मला नवे नव्हते, पण अल्बर्ट हॉलचं ते उंच छत आणि तो गलका नवा होता. कामगारांच्या सहकारी संस्थेनं चालवलेली जागा. एका काळ्या कॉफीवर तासभर बसा, कोणी उठवत नाही. माझे तपासणीचे अहवाल मी इथंच लिहिते. गाठ क्रमांक, सरासरी वजन, ओलावा, शेरा. शेजारच्या टेबलावर कोणीतरी कविता वाचत असतं, पलीकडं निवडणुकीवर भांडण चाललेलं असतं, आणि माझे आकडे तिथं अगदी बिनचूक जुळतात.

थंडीत गेलात तर नोलेन गुडाचा संदेश, ही छेन्याची मिठाई, सोडू नका. खजुरीच्या झाडाला खाच पाडून रात्रभर मडक्यात जमलेला रस पहाटे आटवतात, त्याचा गूळ. धुराचा वास असतो त्याला. हेदुआजवळ गिरीशचंद्र दे आणि नकुडचंद्र नंदी यांचं दुकान १८४४ पासून संदेशच करतं. जाळीच्या खिडकीतून तो विकतात, आणि ऊस-गुळाच्या चवीवर वाढलेल्या आपल्या लोकांना तो लगेच कळतो. घरी नेण्यासाठी डबा घेतेच, पण त्याआधी दोन तिथंच, फूटपाथवर. न्यू मार्केटबाहेर त्याच दिवसांत संत्री विकायला बसलेले असतात. दार्जिलिंगची एका टोपलीत, नागपूरची दुसऱ्या टोपलीत, आणि विक्रेता मोठमोठ्यानं नागपूर नागपूर ओरडत असतो. मी भाव विचारते, आणि मी तिथलीच आहे हे सांगितल्यावर तो मला एक सोलून देतो, चाखून सांगा म्हणतो, खरी आहेत का. खरी होती. काटोलकडची असावीत, आंबटपणावरून.

त्या आजोबांची आणि माझी पुन्हा गाठ पडली नाही. वाढप्याला विचारलं, तर म्हणाला येतात, पण आता थंडीत उशिरा येतात. मी त्याच्याकडं त्यांच्यासाठी संत्रा बर्फीचा डबा ठेवून आले, हल्दीरामची नाही, महालातल्या आमच्या नेहमीच्या दुकानातली. वर चिठ्ठीत बंगालीत, जमेल तशा अक्षरांत, साताऱ्याच्या त्या न्यायाधीशांची आणि तुकारामांची गोष्ट चार ओळींत लिहिली.

कोणाला जायचं असेल तर एवढं ध्यानात ठेवा: पाइस हॉटेलात एकच्या आत पोचा, दोननंतर चांगले मासे संपतात. सुटे पैसे ठेवा. पान मागून घ्या. आणि काय चांगलं आहे हे वाढप्यालाच विचारा, तो खोटं सांगत नाही.

माझा मोसम आता पावसाळ्यात. खरिपाच्या गोण्यांची तपासणी तेव्हाच असते, आणि इलिश माशाचाही तेव्हाच. मोहरीच्या वाटणात वाफवलेला भापा इलिश मी अजून खाल्लेला नाही, कारण आजवर ऑफिसनं मला नेमकं श्रावणात पाठवलं आणि आमच्या घरचा श्रावण मी बाहेरही पाळते. या वेळी साहेबांना आधीच सांगून ठेवलं आहे. गीतांजली एक्स्प्रेसचं आषाढातलं तिकीट काढलंय, खालचा बर्थ, आरक्षण पक्कं.